गळ्याचा हात आणि गोधडीचा गोल: वळणाच्या ब्लॉकला पायपिंग लावताना

साताऱ्यात गेली कित्येक वर्षं ब्लाउज शिवणाऱ्या एका वहिनींनी दिवाणावर टाकायच्या गोधडीचं काम घेतलं होतं. कोपऱ्यात मरून पावगोल, बाकीचा ब्लॉक (म्हणजे गोधडीचा एक चौकोन) क्रीम, आणि दोन्हींच्या मधल्या वळणावर मोहरीच्या रंगाची बारीक पायपिंग, म्हणजे तिरक्या कापडाच्या पट्टीत दोरी घालून केलेली कड, असा नमुना. शिवून ६ इंची होणारे ४८ ब्लॉक, आडवे ६ आणि उभे ८. भोवतीची ३ इंचांची पट्टी धरून गोधडी ४२ बाय ५४ इंचांची होणार होती. १८ ब्लॉक तयार झाल्यावर त्यांनी त्यातले ४ जोडून एक पूर्ण गोल केला आणि गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी एकदा धुऊन पाहिला. वाळल्यावर तो टेबलावर सपाट बसेना. मध्य वर, कडा खाली, उपड्या वाटीसारखा. इस्त्रीखाली दबायचा आणि इस्त्री उचलली की पुन्हा फुगायचा.

तो गोल आणि उरलेले १४ ब्लॉक पिशवीत घालून त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, ‘ताई, माझी पायपिन आजवर कुठे चुणली नाही. मग हिथंच काय झालं?’ त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. त्यांनी शिवलेला गळा मी पाहिला आहे. त्यात दोरी सगळीकडे सारखी जाड दिसते आणि टीप कुठेही डोकावत नाही. इतका सराईत हात असूनही जे बिघडलं, ते निष्काळजीपणाने बिघडलेलं नसणार हे उघड होतं. आपल्याकडे गोधडीकडे वळणाऱ्या बहुतेक बायका ब्लाउज शिवूनच आलेल्या असतात, त्यामुळे हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं.

ब्लॉकचं गणित

हा ब्लॉक अमेरिकेतल्या क्विल्टमधला, म्हणजे तिकडच्या गोधडीतला. तिकडे त्याला ‘ड्रंकार्ड्स पाथ’ म्हणतात. त्यात दोनच तुकडे असतात: एक पावगोल आणि चौकोनातून तो काढल्यावर उरणारा एल आकाराचा तुकडा. ब्लॉक फिरवून मांडले की कधी पूर्ण गोल, कधी पंखा, कधी नागमोडी वाट तयार होते. आपल्या जुन्या गोधडीत किंवा वाकळीत साडी-धोतराचे थर एकावर एक घालून वरून धावदोरा घालतात आणि ठिगळंही बहुतेक चौकोनी असतात. दोन उलट वळणं एकमेकांत शिवण्याचा प्रसंग त्यात सहसा येत नाही. तो येतो ब्लाउजच्या बाहीत, आणि बाही बसवताना सगळ्यांचाच हात जपून चालतो.

वहिनींच्या ब्लॉकमध्ये टिपेवर गोलाची त्रिज्या ४ इंच होती. पावगोलाच्या वळणाची लांबी काढायला त्रिज्येला १.५७ ने गुणायचं. म्हणजे टिपेची लांबी झाली ६.२८ इंच. आता माया, म्हणजे टिपेबाहेर राखलेलं कापड, धरा, दोन सूत म्हणजे पाव इंच. पावगोलाची कापलेली कड टिपेच्या बाहेर असते, म्हणून तिची त्रिज्या ४.२५ आणि लांबी ६.६८ इंच. एलची कापलेली कड टिपेच्या आत असते, तिची त्रिज्या ३.७५ आणि लांबी ५.८९ इंच. शिवताना या दोन कडा एकमेकींना लावायच्या असतात आणि त्यांच्यात जवळपास ०.८ इंचाचा फरक असतो. गंमत म्हणजे गोल लहान घ्या की मोठा, माया दोन सुतांची असली की पावगोलात हा फरक तेवढाच राहतो. मोठ्या गोलात तो लांबीवर पसरतो म्हणून जाणवत नाही, लहान गोलात एकदम अंगावर येतो.

नुसते दोन तुकडे जोडायचे असतील तर हा फरक कापड सांभाळून घेतं. एलला काप दिले की त्याची कड उघडते आणि गोलावर बसते. पायपिंग आली की त्या सापटीत आणखी दोन थर आणि एक दोरी येते, आणि या तिसऱ्या पाहुण्याची लांबी किती असावी हे कुणीतरी ठरवावं लागतं. वहिनींच्या ब्लॉकमध्ये ती त्यांच्या हाताने ठरवली होती.

उसवल्यावर दिसलं ते

न धुतलेल्यांपैकी एक ब्लॉक मी त्यांच्यासमोर उसवला. उसवण्याआधी वळणाची टीप जिथे सुरू होते आणि जिथे संपते, तिथे पायपिंगच्या पट्टीवर पेन्सिलने खुणा केल्या. मग पट्टी सोडवली, ओलसर फडक्यावरून हलकी इस्त्री दिली आणि मोकळी पडू दिली. दोन खुणांमधलं अंतर ६.२८ इंच असायला हवं होतं. ते भरलं पावणेसहा.

म्हणजे अर्ध्या इंचाहून थोडी अधिक कमी लांबीची पट्टी ताणून त्या वळणावर बसवलेली होती. तिरकी कापलेली पट्टी एवढी सहज ताणली जाते, मशीनखाली ते कळतही नाही. पण टीप पडल्यावर ती आपल्या मूळ लांबीकडे परत जायला बघते आणि जाताना दोन्ही तुकड्यांची टिपेची रेघ ओढून घेते. पावगोलाचं कापड तर जेवढ्यास तेवढंच आहे, कड आखडली की मधलं कापड जाणार कुठे? ते वर येतं. ब्लॉक मोजले तेव्हा त्यातही हेच दिसलं. साडेसहा इंच (माया धरून) भरायला हवेत, तर कित्येक ब्लॉक ज्या दोन बाजूंवर पायपिंगची टोकं येतात तिथे दोन सूत कमी होते.

पट्टी त्यांनी पावगोलावर लावलीच नव्हती. एलवर लावली होती. का, ते विचारायची गरज पडली नाही. एलचा तुकडा हातात धरून पाहा, तो अर्ध्या गळ्यासारखा दिसतो. ब्लाउजचा गळा आतल्या बाजूला वळलेला असतो. त्याच्या कडेला पायपिंगची कड लावली की पट्टीची माया टिपेपेक्षा आतल्या, लहान वळणावर येते, तिथे तिला कमीच लांबी लागते. शिवाय गळ्याचं कापड काही ठिकाणी तिरकं कापलेलं असल्यामुळे ते सैल पडण्याची भीती असते. म्हणून पट्टी जराशी ओढून लावायची. त्यामुळे गळा अंगाला धरून बसतो. शिलाईच्या क्लासमध्ये हेच शिकवतात, आणि ब्लाउजसाठी ते शंभर टक्के बरोबर आहे.

गळ्याची दुसरी बाजू मोकळी असते, तिथे फक्त मान असते. ब्लॉकमध्ये मानेच्या जागी दुसरं कापड येतं, तेही नेमक्या मापाचं, आणि ओढलेल्या पट्टीची सगळी किंमत ते मोजतं. सारा घोटाळा इथे होता. हात चुकला नव्हता. गळ्यासाठी घडलेला हात जिथे मोकळी कड नाही अशा जागी वापरला गेला होता.

एलवर पायपिंग लावण्याचा आणखी एक परिणाम उलट बाजूला दिसला. पायपिंग एलला लावली की दोरी एलच्या अंगावर पडते आणि तिची माया पावगोलाखाली जाते. मग सगळी माया पावगोलाकडेच दाबावी लागते. आत दाबली जाणारी पावगोलाची माया ६.६८ इंच लांब असते, तिला जागा मिळते ५.८९ इंचांची. पट्टीचे दोन थरही त्याच चिंचोळ्या जागेत. त्यामुळे मरून कापडाच्या कडेने आतून बारीक गाठीगाठी तयार झाल्या होत्या, आणि सुलट बाजूने गोल किंचित कोनाकोनांचा दिसत होता.

दोरीचा वाटा

न धुतलेले ब्लॉकही फुगलेले होते, पण धुतलेला गोल त्यांच्याहून जास्त. त्याच रिळातली एक मीटर सुती दोरी कापून गरम पाण्यात भिजवली, पिळून वाळवली. ९६ सेंटिमीटर भरली. ६ इंचांच्या वळणावर हा फरक जवळजवळ पाव इंच होतो. दोरी दोन्ही टोकांना ब्लॉकच्या सरळ शिवणीत पकडलेली होती, त्यामुळे आखडताना तिला सरकायला वाव नव्हता. तिने कापड बरोबर घेतलं.

कापड तिन्ही रंगांचं आधी धुतलेलं होतं. मरूनचा रंग जातो का, हेही वहिनींनी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहिलं होतं. दोरी मात्र कुणी धूत नाही. ब्लाउजच्या पायपिंगमध्ये तिची टोकं मोकळी असतात, आखडली तरी आतल्या आत सरकते. गोधडीसाठी सुती दोरी वापरायची तर ती गरम पाण्यात तासभर भिजवून, वाळवून मगच कापडात घालावी. पॉलिएस्टरची दोरी आखडत नाही, तीही चालते. जाडी २ मिलिमीटरच्या वर नको. त्याहून जाड दोरी एवढ्या वळणात ताठ राहते आणि बसल्यावर अंगाला टोचते.

बाजारात गुंडाळीने मिळणारी तयार पायपिंग वापरू का, असं त्यांनी मध्येच विचारलं. वेळ वाचला असता. पण तिच्यातली पट्टी दर वेळी तिरकी कापलेली असतेच असं नाही आणि बरीचशी पायपिंग साटीनची येते, जिला सुती कापडाची इस्त्री सोसत नाही. घ्यायचीच तर वीतभर ओढून पाहावी. ताण देत नसेल तर ती पट्टी सरळ कापडाची आहे, वळणाला नको. वहिनींकडे मोहरी रंगाचं सुती टू बाय टू होतंच. पातळ, घट्ट विणीचं, रंगाला पक्कं. याहून चांगलं कापड पायपिंगला शोधायला नको.

पुन्हा शिवताना

साचे जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून कापले. पावगोल मापाला मापाचा. एलच्या बाहेरच्या दोन लांब बाजूंना मात्र अर्धा अर्धा इंच जास्त ठेवला. ब्लॉक शिवून झाल्यावर पावगोलाचा कोपरा मोजपट्टीला लावायचा आणि बाहेरच्या त्याच दोन बाजू साडेसहा इंचांवर कापायच्या. पावगोलाकडच्या दोन बाजू कापायच्या नाहीत, कारण पायपिंगची टोकं तिथेच येतात, आणि त्या बाजूंवर कात्री चालली की शेजारच्या ब्लॉकशी मेळ जातो. दोन्ही तुकडे मधोमध दुमडून वळणावर मध्याची खूण करून घेतली.

पट्टी तिरक्या कापडातून १ इंच रुंद आणि ८ इंच लांब. ब्लॉकमागे एक अखंड तुकडा, मध्ये जोड अजिबात नाही. वळणावर जोड आला की तिथे दोरी जाड दिसते. एका ब्लॉकला ८ इंच म्हणजे ४८ ब्लॉकना ३८४ इंच, जेमतेम पावणेदहा मीटर. ४४ इंच पन्ह्याच्या अर्ध्या मीटर कापडात हे आरामात बसतं, तिरकं कापताना कोपऱ्यांचे लहान तुकडे वाया गेले तरी.

पट्टीत दोरी ठेवून, कडा जुळवून, हाफ फूट (मशीनचा एका बाजूचा अरुंद पाय) लावून टीप मारली, दोरीला अगदी चिकटून नाही, धाग्याभराची जागा सोडून. मग पट्टीची माया टिपेपासून बरोबर दोन सुतांवर कापून घेतली. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नये. पट्टीची माया आणि ब्लॉकची माया एकसारखी असली की पुढे फक्त कडेला कड लावायची, मापाची चिंता उरत नाही.

आता खरं काम. पावगोल सुलट बाजू वर करून टेबलावर सपाट ठेवला. पायपिंगचा मध्य पावगोलाच्या मध्यावर, कापलेली कड कापलेल्या कडेला, दोरी गोलाच्या आतल्या अंगाला. मध्यापासून एकेका बाजूला जात पट्टी नुसती मांडायची. दोरीच्या बाजूला हात लावायचाच नाही. बोटाच्या टोकाने हळूच पसरवायची ती पट्टीची बाहेरची कड, कारण इथे माया टिपेपेक्षा मोठ्या वळणावर आहे आणि तिला जास्त लांबी हवी. गळ्याच्या नेमकं उलट. ४ इंचांच्या त्रिज्येत ही वाढ साधारण ६ टक्के येते, तिरकी पट्टी ती काप न देता सोसते. २ इंचांच्या त्रिज्येत हीच वाढ साडेबारा टक्क्यांवर जाते, तिथे पट्टीच्या मायेला दर तीन सुतांवर काप द्यावे लागतील.

वहिनींचा हात पहिल्यांदा सवयीने पट्टी ओढायला गेला. मग त्यांनीच तोडगा काढला. पट्टी मशीनवर न लावता टेबलावर हाताने कच्चा टाका घालून बसवायची. टेबलावर कापड पडून असतं, त्याला ओढायला दुसरा हात मोकळा नसतो. टाका झाल्यावर पावगोल उचलून उलटा ठेवला, सपाट पडला तर पट्टी बरोबर, कडा वर उचलल्या तर पट्टी आखूड. ही तपासणी प्रत्येक ब्लॉकला केली. टाका उसवणं सोपं, टीप उसवणं अवघड, म्हणून बिघाड इथेच पकडलेला बरा.

मशीनवर पायपिंग पावगोलाला शिवताना ही टीप पहिल्या टिपेपेक्षा केसभर दोरीजवळ घेतली. पुढे एल जोडतानाची टीप तिच्याहूनही केसभर जवळ. अशा तीन टिपा होतात, आणि शेवटची दोरीला सर्वात जवळ असल्यामुळे आधीच्या दोन्ही आत झाकल्या जातात. वहिनींच्या जुन्या ब्लॉकमध्ये दोन-तीन ठिकाणी क्रीम कापडाजवळ मोहरी पट्टीवर टाके डोकावत होते, त्याचं कारण टिपांचा हा क्रम उलटा झाला होता.

एलच्या वळणावर आधी कडेपासून दीड सुतावर बारीक टाक्यांची एक आधाराची टीप मारली, एकेरी कापडावर. मग तिच्यापर्यंत, तिला न छेदता, दर तीन सुतांवर काप. या टिपेमुळे काप पुढे फाटत जात नाही आणि तिरक्या भागात वळण सैलही पडत नाही. त्यानंतर एल खाली, पावगोल वर, सुलट बाजू आतून एकमेकींना. मध्याला मध्य, टोकाला टोक, मग मधलं. इथेही कच्चा टाका.

एरवी नुसतं वळण शिवताना मी एल वर ठेवायला सांगते, कारण काप दिलेली कड डोळ्यांसमोर राहते. पायपिंग असताना पावगोल वर हवा. त्याच्या उलट बाजूला आधीची टीप स्पष्ट दिसते आणि तिच्या आतल्या अंगाने, दोरीच्या बाजूने सुई नेता येते. एल खाली असल्यामुळे त्याची चुणी टिपेखाली येण्याचा धोका असतो, तो कच्च्या टाक्याने जातो. टाका २ मिलिमीटरचा, आणि पायमशीनवर चाक हाताने फिरवलं तरी चालेल इतका वेग कमी.

शिवून झाल्यावर माया पायरीने कापली. पट्टीचा एक थर एका सुतावर, दुसरा दीड सुतावर, मरूनची माया दीड सुतावर, क्रीमची पूर्ण दोन सूत तशीच. चारही थर एकाच रेषेत ठेवले की वरून ती रेघ उमटते. आणि क्रीम सर्वात लांब ठेवण्याचं दुसरंही कारण आहे. सगळी माया आता एलकडे, म्हणजे फिक्या कापडाखाली जाणार होती. मरून कड क्रीमच्या मायेबाहेर आली असती तर पातळ कापडातून तिची सावली दिसली असती. गडद गोल आणि फिकी पार्श्वभूमी हा या पद्धतीचा एकच खरा तोटा आहे. फिकं कापड मलमलीसारखं विरळ असेल तर मी हा रंगमेळच टाळेन.

एलकडे दाबल्याने बाकी सगळं सुटतं. पावगोलाची माया जशी कापली तशीच बाहेरच्या मोठ्या वळणावर सपाट पडते, पट्टीचीही. उलटी दुमडावी लागते ती फक्त एलची माया, आणि तिला आधीच काप दिलेले असल्याने ती उघडून पसरते. पूर्वी तीन थर आक्रसत होते, आता कुठलाच नाही. इस्त्री उलट बाजूने, खाली घडी केलेला टॉवेल घालून, दाबून उचलायची. सरकवली की दोरी चपटी होते आणि तिरकी पट्टी पुन्हा ताणली जाते.

झालेल्या ब्लॉकचं काय करायचं

वहिनींचा पहिला विचार होता की सगळेच ब्लॉक दोन सूत लहान करून चालवून घ्यावं. बाहेरच्या बाजू कापून माप जुळलंही असतं. पण फुगवटा मापात नव्हता, टिपेत होता. कापून तो गेला नसता, आणि गोधडीत भरण घालून धावदोरा घातल्यावर तर प्रत्येक गोलात चुणी पडली असती. म्हणून अठराही ब्लॉक उसवायचे ठरले. मरून पावगोल सगळे वापरात आले, वाफ देऊन साच्यावर पुन्हा जुळवले की झालं. एलच्या ७ तुकड्यांमध्ये जुने काप टिपेपर्यंत गेले होते, ते बदलले. जुन्या पट्ट्या आणि दोरी टाकून दिली. एकदा ताणून शिवलेली तिरकी पट्टी पुन्हा वापरण्यात अर्थ नसतो, ती जागोजागी कमीजास्त रुंद झालेली असते.

नव्या पद्धतीने ४ ब्लॉक करून पुन्हा एक गोल जोडला, धुतला, वाळवला. तो सपाट बसला. मगच बाकीच्या ब्लॉकना हात घातला.

चार ब्लॉक जिथे भेटतात

पूर्ण गोलात पायपिंगची टोकं सरळ शिवणीत समोरासमोर येतात. एका बाजूची दोरी सुतभर जरी वर-खाली झाली तरी गोल तुटलेला दिसतो, आणि दोन्ही दोऱ्या शिवणीत सापडल्या तर तिथे मशीनचा पाय अडतो. त्यामुळे एल जोडण्याआधीच पट्टीच्या दोन्ही टोकांचे चार-पाच टाके उसवून दोरी बाहेर ओढली, दोन सूत कापली आणि पट्टी पुन्हा सरळ केली. दोरीचं टोक बरोबर सरळ टिपेच्या रेषेवर थांबतं, मायेत फक्त कापड राहतं. दोरी आत सरकू नये म्हणून टोकाजवळ हाताने आरपार एक टाका, मोहरी रंगाच्या दोऱ्याने.

ब्लॉक जोडताना एक टाचणी उभी, एका पायपिंगच्या टिपेतून दुसऱ्या पायपिंगच्या टिपेत आरपार घालून मग आजूबाजूला टाके घातले. या सरळ शिवणींची माया दोन्हीकडे उघडून दाबली. वळणाची माया सगळ्या ब्लॉकमध्ये एलकडेच असल्यामुळे ती शेजारच्या मायेवरच येऊन पडते, अशा वेळी सरळ शिवणही एका बाजूला दाबली तर तिथे नुसता गठ्ठा होतो.

धावदोरा कुठून न्यायचा, हाही प्रश्न आपोआप सुटला. एलच्या बाजूला कापडाखाली मायेचे थर आहेत, सुई जड जाते. पावगोलाच्या बाजूला मात्र काहीच नाही. तिथे दोरीपासून सुतभर आत, वळणाला धरून एक रेघ, मग अर्ध्या अर्ध्या इंचावर आत आत आणखी रेघा. पायपिंगवरून टाका कधीच न्यायचा नाही. पहिली रेघ जवळ असली की पायपिंग उठून दिसते आणि भरणही धरून राहतं.

भोवतीच्या पट्टीच्या चार कोपऱ्यांत दीड इंच त्रिज्येचे लहान पावगोल हवेत असं गिऱ्हाइकाने नंतर सांगितलं. तिथे हीच पद्धत लावण्याचा हट्ट मी करू दिला नाही. दीड इंचाच्या वळणावर पट्टीच्या कडेला सोळा-सतरा टक्के पसरावं लागतं आणि एलच्या कडेला त्याहूनही कितीतरी जास्त. शिवता येतं, पण हौसेपोटी कापड छळायचं कशाला? पायपिंग लावलेला पावगोल तयार करून, मायेला त्रिकोणी खाचा मारून ती खाली दुमडली आणि क्रीम चौकोनावर ठेवून दोरीच्या खाचेतून तुरपाईने बसवला. यात दोरी गोलाच्या बाहेरच्या अंगाला येते, बाकी गोधडीत ती आतल्या अंगाला आहे. हा फरक वहिनींनी गिऱ्हाइकाला आधी दाखवला, आणि त्यांना तो चालला.

पैशांचं एवढंच सांगते. अशा कामात मशीनपेक्षा हाताच्या कच्च्या टाक्याला जास्त वेळ जातो आणि तो वेळ गोधडीत कुठेही दिसत नाही, कारण टाके शेवटी काढून टाकायचे असतात. दर ठरवताना वहिनींनी तो धरला नव्हता. पुढच्या कामाला त्यांनी ब्लॉकमागे त्याची वेगळी मजुरी लावली आहे, आणि गिऱ्हाइकाला द्यायच्या चिठ्ठीत लिहिलं आहे: पिळू नये, सावलीत आडवी पसरून वाळवावी, इस्त्री उलट बाजूनेच.